मुदखेडच्या रुळांखालचे पूल

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नांदेडजवळच्या मुदखेडपासून मेडचलपर्यंतच्या रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. परभणी ते मुदखेड हा सुमारे ८१ किलोमीटरचा टप्पा त्याआधीच दुहेरी झाला होता. एकेरी मार्गावर समोरच्या गाडीची वाट पाहत ताटकळण्याचे दिवस संपणार, म्हणून मंजुरीचे स्वागत व्हायलाच हवे. मात्र दुसरा रूळ पडतो तेव्हा वाटेतल्या प्रत्येक नाल्यावर नवा पूल येतो, आणि शेजारचा जुना पूल कुणाच्या लक्षातही राहत नाही. मुदखेडहून उमरी, धर्माबाद, बासरकडे जाणारा हा मार्ग व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवसांत आखला आणि बांधला गेला. त्याच्या पुलांकडे नीट पाहायचे असेल तर ते आत्ताच पाहिले पाहिजे.

व्हिक्टोरियाकालीन रेल्वेपूल म्हटले की महाराष्ट्रात सगळ्यांना घाट आठवतात, आणि ते बरोबरही आहे. थळ घाटातला इहेगावचा पूल दरीच्या तळापासून १८२ फूट उंच. बोर घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. तिथला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट सोडले नाही, काम तडीस नेले. याच घाटातला एक दगडी पूल १९ जुलै १८६७ रोजी कोसळला आणि रेल्वेच्या दगडी कामाच्या दर्जावर मोठी टीका झाली. या गोष्टी पुस्तकांत आहेत, चित्रांत आहेत.

मुदखेडला दरी नाही, कडा नाही. इथे सपाट काळी रानं आहेत. त्यामुळे इथली रेल्वे सोपी होती असा समज होतो, आणि तो खोटा आहे.

नकाशा समोर ठेवला की अडचण कळते. हा मार्ग मनमाडहून निघतो आणि लासूर, औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड, मुदखेड, धर्माबाद असा गोदावरीच्या उत्तर अंगाने चालतो. मनमाडपासून बासरपर्यंत गोदावरी एकदाही ओलांडावी लागत नाही. बासर सोडले की गाडी गोदावरीच्या पुलावर चढते आणि निजामाबादच्या बाजूला उतरते. एक मोठी नदी टाळली, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. उत्तरेकडून गोदावरीला मिळणारे पाणी रुळांखालून जाऊ द्यावेच लागते. शिवना, दुधना, पूर्णा, नांदेडलगतची आसना, मुदखेडची सीता, आणि त्यांच्यामध्ये नाव नसलेले असंख्य ओढे. वर्षातले आठ महिने कोरडे असणारे हे ओढे मृगाच्या एका पावसात दोन्ही काठ सोडतात. इंजिनिअरला पूल बांधायचा तो या चार दिवसांच्या पाण्यासाठी.

दुसरी अडचण जमिनीची. मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगाळते. तिच्यावर टाकलेला भराव बसतो, सरकतो, एका पावसाळ्यात रुळांची पातळी बिघडवतो. पुलाचा पाया या मातीवर धरता येत नाही. खोदत खोदत मुरुमाला, शक्यतो काळ्या दगडाला लागावे लागते. म्हणजे वरून दोन पुरुष उंचीची दिसणारी मोरी जमिनीखाली तेवढीच खोल गेलेली असू शकते. घाटातल्या पुलाचे कष्ट डोळ्यांना दिसतात, इथले कष्ट मातीत पुरलेले आहेत. मला तरी हे काम घाटाइतकेच मोलाचे वाटते.

ही रेल्वे आली कशी, ते सांगायला हैदराबादला जावे लागेल. वाडी ते सिकंदराबाद ही निजामाच्या राज्यातली पहिली रेल्वे १८७४ मध्ये सुरू झाली. पुढे राज्याच्या हमीवर लंडनमध्ये भांडवल उभारून निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. भांडवल विलायतेचे, व्याजाची हमी मात्र निजामाच्या तिजोरीची. चांद्यापर्यंत रेल्वे नेण्याच्या त्या वेळच्या योजनेला १८८३ मध्ये हैदराबादेत उघड विरोध झाला आणि विरोध करणाऱ्या अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना राज्याबाहेर घालवण्यात आले. सरोजिनी नायडूंचे हे वडील. रेल्वे कुणाच्या पैशाने, कुणाच्या फायद्यासाठी, हा प्रश्न या मुलखात इतका जुना आहे.

आपला मार्ग म्हणजे हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे. लांबी ३९१ मैल, मीटर गेज, १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. तेव्हा गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान होते. मीटर गेज का, तर स्वस्त म्हणून. रुळांमधले अंतर १,६७६ मिलिमीटरऐवजी १,००० मिलिमीटर ठेवले की भराव अरुंद होतो, इंजिने हलकी चालतात, पुलांचे खांब आणि गर्डरही त्या मानाने बेताचे लागतात. बचत झाली, पण तिचा भार पुढची नव्वद वर्षे हमालांच्या पाठीवर पडला. मुंबईची मोठी लाइन मनमाडला, राज्याची मोठी लाइन सिकंदराबादला, आणि मध्ये ही लहान लाइन. मुंबईला जाणारी कापसाची गाठ मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे.

बांधकामाच्या वर्षांकडे पुन्हा एकदा बघा. १८९९ चा पावसाळा गेला आणि १८९९–१९०० चा तो भयंकर दुष्काळ पडला. संवत १९५६ वरून उत्तरेकडे त्याला छप्पनिया म्हणतात. मराठवाडा त्यात होरपळला. ज्या वर्षी शेतात कणीस नव्हते, त्याच वर्षी या मार्गावर भराव पडत होते आणि रूळ पुढे सरकत होते. पाटीभर मातीला मिळणारी मजुरी त्या वर्षी काय मोलाची असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल. त्या हातांची नावे कुठे कोरलेली नाहीत.

रेल्वे आली आणि कापसाचा भाव मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. स्टेशनालगत जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले, उमरी आणि धर्माबाद व्यापारी गावे झाली. नांदेडला १९२० च्या दशकात उस्मानशाही मिल आली. ही मिल पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि शेवटी बंद पडली. याच मार्गावरच्या उमरीत हैदराबाद स्टेट बँकेची शाखा होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी ती लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. आमच्याकडे उमरीची बँक एवढे म्हटले तरी जुन्या माणसांना पुढचे सांगावे लागत नाही.

मुदखेडला जंक्शन केले ते आदिलाबादच्या फाट्याने. भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट असा हा फाटा जंगलाच्या कडेने आदिलाबादला जातो आणि तिथून पुढे विदर्भाला भेटतो. मुंबईची नंदिग्राम एक्स्प्रेस याच वाटेने जाते. नांदेडपासून वीस-बावीस किलोमीटरवरचे मुदखेड आज केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या केंद्रामुळे आणि फुलांमुळे ओळखले जाते. काकडा, गलांडा, गुलाब, निशिगंध. पहाटे तोडलेला माल नांदेडच्या आणि हैदराबादच्या बाजारात जातो.

१९९२ पासून देशभर मीटर गेज काढून ब्रॉड गेज टाकायला सुरुवात झाली आणि टप्प्याटप्प्याने हा मार्गही बदलला. हलक्या गाड्यांसाठी बांधलेल्या पुलांवर आता जड मालगाड्या येणार होत्या. अशा वेळी पूल मजबूत करायचा किंवा नवा बांधायचा, हे दोनच पर्याय असतात. त्यामुळे आज कोणत्या पुलात १९०० चा दगड शिल्लक आहे आणि कोणत्या पुलाचे फक्त ठिकाण जुने आहे, हे एकेका पुलाजवळ जाऊनच ठरवावे लागेल.

पूल वाचता येतो. रेल्वेच्या प्रत्येक पुलाला नंबर असतो आणि तो कठड्यावर किंवा टोकाच्या भिंतीवर रंगवलेला असतो. शेजारी पाणी कोणत्या बाजूला वाहते ते दाखवणारा बाण. खांबावर दोन रेघा: धोक्याची पातळी आणि आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी. पावसाळ्यात रात्री गस्त घालणारा गँगमन कंदील किंवा बॅटरी घेऊन याच रेघांशी पाण्याची उंची ताडून बघतो आणि पाणी धोक्याच्या रेघेला लागले की गाडी थांबवतो. दगडी कामात घडाईचे चिरे कुठे संपतात आणि सिमेंट काँक्रीट कुठे सुरू होते, चुन्याचा सांधा कुठे टिकला आहे, खांब नंतर रुंद केला का, हेही डोळ्यांना कळते. फक्त रुळांवरून चालत जाऊन हे पाहू नये. तो गुन्हा आहे आणि जिवावर बेतणाराही. पण कित्येक ओढ्यांच्या पात्रात शेतरस्त्याने उतरता येते, आणि दिवसाच्या गाडीत खिडकी मिळाली तर नांदेड ते बासर हा पट्टा डोळे भरून पाहता येतो.

नांदेड रेल्वे विभाग १ एप्रिल २००३ पासून स्वतंत्र आहे. विभागाकडे प्रत्येक पुलाची नोंदवही असते. शहरात १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, विष्णुपुरीला गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे. इतिहासाच्या आणि स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी रेल्वेची परवानगी घेऊन मुदखेड ते बासरमधल्या पुलांची एकेक पान नोंद करावी: नंबर, गाळे किती, खांब कशाचा, पुराची रेघ कुठे, एक फोटो उगवतीकडून, एक मावळतीकडून, आणि जवळच्या गावात त्या पुलाला काय म्हणतात. दुसऱ्या रुळाच्या कामाची यंत्रे पात्रात उतरण्याआधीच्या एका कोरड्या हंगामात हे होऊ शकते.