आधीचा फोटो कुठाय?

मी रेडिओलॉजिस्ट आहे म्हटलं की लोक विचारतात, तुमच्याकडे मशीन कुठलं? किती टेस्लाचं? मशीन चांगलं असावं हे खरंच, पण आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो त्याच माणसाच्या जुन्या फोटोचा. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात, ज्याला इथं सगळे नुसतं ‘व्हीए’ म्हणतात, तिथं मी टिकून राहिले त्याचं मोठं कारण हेच. बाहेर खाजगी ग्रुपमध्ये पैसे जास्त मिळतात आणि इथं सरकारी सोपस्कार पाचवीला पुजलेले आहेत. पण जुने फोटो सापडतात.

मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात शिकत होते तेव्हा जुना फोटो म्हणजे पेशंटच्या पिशवीत असेल तो. नातेवाईक प्लास्टिकच्या पिशवीतून घडी पडलेली फिल्म काढायचे, नाहीतर ‘गावाला राहिली, मॅडम’ म्हणायचे. व्हीएत माणूस एकदा आला की बहुतेक वेळा कायमचा व्हीएचा होतो. नोंदणी झालेले माजी सैनिक नव्वद लाखांच्या वर, मोठी रुग्णालयं 170 च्या आसपास, आणि या पसाऱ्याच्या नोंदी संगणकावर ठेवायला खात्यानं 1980 च्या दशकातच सुरुवात केली. बाल्टिमोरचं व्हीए रुग्णालय 1993 मध्ये उघडलं ते फिल्मशिवाय चालणारा रेडिओलॉजी विभाग घेऊनच. जगातल्या अगदी पहिल्या अशा विभागांत तो धरला जातो. सरकारी खातं कुठल्या गोष्टीत काळाच्या पुढे होतं म्हटलं की आपल्याला हसू येतं, पण इथं होतं खरं.

हल्ली माझ्या यादीत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या स्क्रीनिंगच्या सीटींचा मोठा भरणा असतो. नमुन्यादाखल एक घेऊ. वय पंचाहत्तरीच्या पुढे, व्हिएतनामच्या काळात नौदलात, जहाजाच्या बॉयलर रूममध्ये. सिगारेट ओढणारच, 1975 पर्यंत अमेरिकी सैनिकाच्या शिध्याच्या डब्यात सरकारच सिगारेटी घालून देत असे. भरपूर धूम्रपान केलेल्या माणसांचा दरवर्षी कमी डोसचा सीटी काढला, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू साध्या एक्स-रेच्या तुलनेत 20 टक्क्यांनी कमी होतात, हे 53 हजारांवर लोकांच्या चाचणीतून 2011 मध्ये दिसलं. आता 50 ते 80 वयाच्या, रोज एक पाकीट या हिशेबानं निदान वीस वर्षं ओढलेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा सोडून पंधरा वर्षं न झालेल्या माणसाला हा सीटी सुचवतात.

माउसचं चाक फिरवत मी वरून खाली येते, मग खालून वर. पहिल्या फेरीत फक्त फुप्फुसं. आडव्या छेदात रक्तवाहिनी आणि गाठ दोन्ही गोल ठिपक्यासारख्याच दिसतात. फरक कळतो तो चाक फिरवल्यावर. रक्तवाहिनी पुढच्या छेदात थोडी सरकते, तिला फांदी फुटते. गाठ दोन-चार छेदांत उगवते आणि तिथंच मावळते. या माणसाच्या उजव्या फुप्फुसाच्या तळाशी अशी एक आहे. लांबी-रुंदीची सरासरी 7 मिलिमीटर. पहिल्याच तपासणीत दिसली असती तर 6 ते 8 च्या खान्यात बसली असती आणि सहा महिन्यांनी पुन्हा सीटी. 8 ला पोचली असती तर तीन महिन्यांनी. पण खाना ठरवण्याआधी मी मागं जाते. गेल्या वर्षी 7. त्याच्या आदल्या वर्षी 7. त्याच्याही कितीतरी आधी, स्क्रीनिंग सुरू व्हायच्या कितीतरी अगोदर, मूतखड्यासाठी पोटाचा सीटी काढलेला. पोटाच्या सीटीत वरच्या टोकाला फुप्फुसांचे तळ येतातच, आणि तिथं ही बसलेली, तेवढीच. संपला विषय. आता पुढच्या वर्षी भेटायचं.

उलटही होतं. व्यास सव्वापट झाला की गाठीचं आकारमान दुप्पट होतं. 7 ची जवळजवळ 9 झाली हे नुसत्या डोळ्याला काहीच वाटत नाही, म्हणून जुनी आणि नवी शेजारी लावून, त्याच छेदाला थांबून मोजावी लागते. घाई असली की नेमकी हीच पायरी गाळायचा मोह होतो.

दुसऱ्या फेरीत फुप्फुसाचं आवरण. डायफ्रॅमच्या घुमटावर आणि फासळ्यांच्या आतल्या अंगाला चुन्याचे पांढरे पापुद्रे: अ‍ॅस्बेस्टॉस. जहाजांचे बॉयलर आणि नळ त्यात गुंडाळलेले असायचे. हे पापुद्रे स्वतः कर्करोग नव्हेत, पण अ‍ॅस्बेस्टॉस आणि सिगारेट ही जोडी वाईट, म्हणून रिपोर्टमध्ये त्यांची स्वतंत्र ओळ. मग हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम, थायरॉइड, मणके.

आपल्याकडे शिकलेल्या डॉक्टरला फुप्फुसात चुन्याचा खडा दिसला की मनात आधी टीबी येतो. मिडवेस्टमध्ये आल्यावर ती सवय मला मोडावी लागली. ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांतल्या मातीत, पक्ष्यांची आणि वटवाघळांची विष्ठा असते तिथं, हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढते. इथं लहानाचे मोठे झालेल्या कितीतरी माणसांच्या फुप्फुसांत आणि प्लीहेत तिचे खडे आयुष्यभर निमूट बसलेले असतात. तोच माणूस अ‍ॅरिझोनात तैनात होऊन आला असेल तर संशय तिथल्या वेगळ्या बुरशीवर. म्हणून मी वयाबरोबर माणूस कुठं वाढला आणि कुठं-कुठं राहून आला हेही उघडून बघते. आशियात बराच काळ काढलेल्याला टीबी असूही शकतो, आणि तेव्हा मुंबईचं शिक्षण कामी येतं.

पेशंट मला समोरासमोर फारसे भेटत नाहीत. भेटतात ते बायोप्सीला, बेरियमला, किंवा एमआरआयच्या दाराशी काही अडलं तर. टेक्नॉलॉजिस्टचा फोन येतो, ‘डॉक, जरा इकडे येता?’ फॉर्मवर प्रश्न असतो, शरीरात धातूचा तुकडा आहे का. आजोबांनी ‘नाही’ला खूण केलेली. मांडीवर मात्र जुने व्रण.

‘काय लागलं होतं?’

‘मॉर्टार. पण ते सगळं काढलंय, मॅम. 1968 मध्येच.’

सर्जननं मोठे तुकडे काढलेले असतात, बारीक राहिलेले असतात, आणि पन्नास वर्षं काही दुखलं नाही म्हणजे आत काही नाही, अशी माणसाची खात्री झालेली असते. मी गुडघ्याचा जुना एक्स-रे उघडते. मांडीच्या खालच्या भागात पांढऱ्या कणांची रांगोळीच. तोफगोळ्याचे तुकडे बहुधा पोलादाचे, म्हणजे चुंबकाला ओढले जाणारे. पण स्नायूत रुतून इतकी वर्षं झालेला कण भोवतालच्या व्रणात घट्ट धरलेला असतो. धास्ती डोळ्याची, मेंदूची, मोठ्या रक्तवाहिनीला खेटून बसलेल्या तुकड्याची. म्हणून शंका असली तर आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे. यांचे डोळे स्वच्छ होते, आणि दुसऱ्या गावच्या व्हीएत काही वर्षांपूर्वी त्यांचा एमआरआय विनातक्रार झाल्याची नोंद मिळाली. आत घेतलं. मांडी गरम लागली किंवा ओढल्यासारखं झालं तर लगेच घंटी दाबा, एवढं बजावून.

नव्या रेसिडेंटना चकवणारी एक गोष्ट आता दुर्मिळ होत चालली आहे. कमरेच्या एक्स-रेत मणक्यांच्या नळीत धातूसारखे दाट, अश्रूंच्या आकाराचे थेंब. मुलं घाबरून छर्रे म्हणतात. ते असतं पँटोपेक: सीटी-एमआरआयच्या आधीच्या काळात मायलोग्रामसाठी पाठीत सुई घालून सोडायचे ते आयोडीनयुक्त तेल. तपासणी झाली की ते परत ओढून घ्यायचं असे, पण पूर्ण कधीच निघायचं नाही, आणि शरीर ते अतिशय सावकाश शोषतं. हे थेंब बाळगणारी पिढीच आता संपत आली आहे.

अपंगत्व भत्त्यासाठी आलेले गुडघे आणि पाठी हा कामाचा कंटाळवाणा पण जपून करायचा भाग. व्हीएच्या नियमावलीत झिजेचा संधिवात ‘एक्स-रेवर सिद्ध’ व्हावा लागतो. हालचालीला अडथळा नसला तरी दोन मोठे सांधे झिजलेले दिसले तर 10 टक्के मिळू शकतात. मी लिहिलेला ‘किंचित’ हा शब्द त्या माणसाला पोर्टलवर घरबसल्या दिसतो. दया आली म्हणून ‘किंचित’चं ‘मध्यम’ करायचं नाही, आणि खिसा सरकारचा म्हणून दिसणारी झीज गिळायचीही नाही.

2018 च्या कायद्यानं रुग्णालय लांब पडत असलेल्या माजी सैनिकांना सरकारी खर्चानं बाहेरच्या डॉक्टरकडे जाता येतं. खेड्यात राहणाऱ्या म्हाताऱ्याच्या दृष्टीनं हे चांगलंच झालं. माझ्या दृष्टीनं पंचाईत. बाहेर काढलेला सीटी कधी सीडीवर येतो, कधी नुसता रिपोर्ट येतो, कधी काहीच येत नाही. सीडी येते तिच्यातला प्रोग्रॅम आमचा संगणक उघडू देत नाही, मग फाइलरूममधल्या बाईंना मस्का लावायचा. तुलनेच्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ लिहिताना मी पुन्हा पिशवीतल्या फिल्मच्या जमान्यात जाते.

आणि इराक-अफगाणिस्तानातून आलेली चाळिशीतली मुलं. छावणीबाहेरच्या खड्ड्यांत कचरा, प्लास्टिक, रंग, सगळं जाळलं जायचं, त्या धुरात यांनी दिवस काढलेले. 2003 मध्ये मोसुलजवळ गंधकाच्या कारखान्याला लागलेली आग तर आठवडेच्या आठवडे धुमसत होती. परतलेल्या सैनिकांना पूर्वीसारखं पळता येईना. त्यांच्यावरचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला: बायोप्सी केलेल्या 49 जणांपैकी 38 जणांच्या सूक्ष्म श्वासनलिका आकसलेल्या निघाल्या. आणि त्यांतल्या बहुतेकांचे सीटी नॉर्मल होते. त्या नळ्या सीटीत दिसण्याइतक्या जाडच नसतात. फार तर श्वास पूर्ण सोडायला लावून काढलेल्या सीटीत अडकलेल्या हवेचे काळे पट्टे दिसतात, तेही प्रत्येकात नाहीत. सैन्यात जाण्याआधीची फुप्फुसांची चाचणी यांची सहसा झालेलीच नसते, त्यामुळे तुलना तरी कशाशी करणार?

2022 च्या पॅक्ट कायद्यानं हा आजार सैन्यसेवेमुळेच झाला असं धरून चालायचं ठरवलं, पण आजाराचं निदान आधी हवं. ते पक्कं करायचं तर छातीत नळी घालून फुप्फुसाचा तुकडा काढायचा, आणि एवढं करून नेमका उपाय हाती नाही. आमच्या बैठकीत फुप्फुसतज्ज्ञ म्हणतात, नाव मिळालं तर भत्ता मिळेल, घरचे तरी विश्वास ठेवतील. मी म्हणते, निव्वळ कागदासाठी धडधाकट दिसणाऱ्या माणसाची छाती उघडू नका. तोवर मी रिपोर्टच्या शेवटी लिहिते, सीटी नॉर्मल असल्यानं सूक्ष्म श्वासनलिकांचा आजार नाकारता येत नाही, आणि श्वास सोडून काढायचा सीटी सुचवते.