हिशेबाची वही

पौष महिन्यात जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर पहाटेच टाळांचा आवाज ऐकू येतो. संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या पायी त्र्यंबकेश्वरकडे निघालेल्या असतात. दिवस थंडीचे, रस्ता चढणीचा आणि पुढे तोरंगणचा घाट! पावसाळ्यात याच डोंगरांत निराळे पाहुणे येतात. दाभोसा आणि काळमांडवी हे धबधबे पाहण्यासाठी ते पायवाटा तुडवतात. उरुसाच्या दिवसांत जव्हारच्या दर्ग्याकडे माणसांची रीघ लागते.

चालणाऱ्या माणसाला तहान लागते, भूक लागते. त्याची ही गरज भागवणारा छोटा व्यवसाय घरातून सुरू करता येईल का? जरूर करता येईल. मात्र त्याची सुरुवात चुलीपासून होत नाही, काटकसरीपासून होते.

काटकसर म्हणजे काय? उर्दूत आपण तिला किफायत म्हणतो. काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. कंजूष माणूस गरज असतानाही खर्च करत नाही. काटकसरी माणूस गरजेसाठी खर्च करता यावा म्हणून बिनगरजेचा खर्च टाळतो. आजारी मुलाला औषध न आणणे हा कंजूषपणा. औषधाला पैसे असावेत म्हणून रोजचा वायफळ खर्च थांबवणे ही काटकसर.

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाला आणि ते त्यात आले. येथे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी हे आदिवासी समाज मोठ्या संख्येने राहतात. पाऊस धो-धो पडतो, पण उताराच्या जमिनीवरून पाणी वाहून जाते. उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. हंडाभर पाण्यात घर कसे चालवायचे, हे येथील स्त्रियांना कोणी शिकवावे लागत नाही.

भात, नाचणी आणि वरई ही येथील पिके. ती निघाली की शेतीचे काम संपते. मग दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण या भागांतील वीटभट्ट्यांवर मजुरीला जातात. आईबापांबरोबर मुलेही जातात आणि शाळेतील त्यांची जागा रिकामी राहते. म्हणून हिवाळ्यात घरबसल्या मिळणारे थोडे उत्पन्नही येथे लहान नसते. एखादे मूल शाळेत राहणार की भट्टीवर जाणार, हे त्यावर ठरू शकते.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. मी आठवीत होतो. शहरातल्या हायस्कुलात जाण्यासाठी मला एसटीचा पास हवा होता आणि घरात पैसे नव्हते. गावच्या जत्रेत दोन दिवस लिंबाचे सरबत विकायचे असे आम्ही ठरवले. साखर आणि लिंबे वाण्याकडून उधार आणली. बर्फही उधार घेतला. सरबत खूप खपले. दुसऱ्या रात्री डबा उघडला, तर त्यात चारशे दहा रुपये निघाले! मी आनंदाने नाचू लागलो. अम्मी मात्र शांतपणे म्हणाली, "बेटा, आधी लोकांचे देणे दे, मग मोज."

साखर-लिंबांचे दोनशे नव्वद रुपये झाले. बर्फाचे नव्वद झाले. आमच्या हाती उरले फक्त तीस रुपये. अर्धा बर्फ तर उन्हात वितळूनच गेला होता. पास निघाला नाही. तेव्हा अम्मीने कोठीतून एक मडके काढले. रोज भात रांधताना मापलेल्या तांदळातून ती एक मूठ त्या मडक्यात टाकत असे. महिन्याला किलोभर तांदूळ साठत होता आणि आम्हांला पत्ताही नव्हता. पुढे चार महिने त्या तांदळामुळे बाजारातील तांदूळ कमी घ्यावा लागला. वाचलेल्या पैशांतून माझा पास निघाला. तो पहिला महिना मात्र मी चालत शाळेत गेलो.

त्या दिवशी मी दोन गोष्टी शिकलो. डब्यातले सगळे पैसे म्हणजे नफा नव्हे, ही पहिली. मूठभर शिल्लकही नियमाने टाकली तर अडचणीला धावून येते, ही दुसरी.

आपण आता हिशेब नीट मांडून पाहू. जव्हार-मोखाड्यात नाचणी घरोघर पिकते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात ते फारच थोडे असते. असे सकस धान्य स्वस्तात विकून त्याच पैशांनी आपण बिस्किटे आणतो. त्यापेक्षा नाचणीचे लाडू केले तर? लाडू कोरडा असतो, काही दिवस टिकतो आणि वाटसरूच्या पिशवीत सहज मावतो.

समजा, एक किलो नाचणीचे ५० रुपये, दळणाचे १०, पाऊण किलो गुळाचे ४५, पाव किलो शेंगदाण्यांचे ३५, पाव किलो तुपाचे १५० आणि सरपण वगैरेचे ३० रुपये झाले. एकूण खर्च ३२० रुपये. यात ४० लाडू झाले, तर एका लाडवाला ८ रुपये खर्च आला. नाचणी घरची असली तरी तिची किंमत धरायचीच, कारण ती विकली असती तर पैसे मिळालेच असते.

लाडू १२ रुपयांना विकला आणि चाळीसही खपले, तर ४८० रुपये येतील. ३२० वजा केले की उरतात १६०. पण पंचवीसच खपले तर? तर येतील ३०० रुपये, म्हणजे २० रुपये खिशातून गेले. सत्तावीस लाडू खपल्यावर खर्च निघतो. नफा अठ्ठाविसाव्या लाडवापासून सुरू होतो. म्हणून पहिल्या दिवशी वीसच लाडू करावेत आणि मागणी पाहून वाढवावेत. दिंडीला गावात जेवण असेल, त्या दिवशी आणखी कमी करावेत.

यात एक खर्च राहिला आहे. कोणता, ते ओळखा पाहू! नाचणी भाजणाऱ्या, लाडू वळणाऱ्या आईची मेहनत. ती आपण कोठेच लिहिली नाही. चार तास राबून १६० रुपये उरले, तर तासाला चाळीस रुपये पडले. ही आईची मजुरी आहे, फुकटचा नफा नव्हे. वहीत ती लिहिली की घरातल्यांना तिच्या कामाची किंमत कळते.

हिशेबाची वही तुम्हांला अवघड जाणार नाही. जमा, खर्च, बाकी, नफा, वसूल, हिशेब हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही. डाव्या पानावर जमा लिहा, उजव्या पानावर खर्च लिहा. विक्रीच्या पैशांतून आधी भांडवलाचे ३२० रुपये वेगळ्या डब्यात ठेवा. त्या डब्याला घरखर्चासाठी हात लावू नका. राहिलेल्या पैशांतून थोडे शिल्लक टाका, बाकीचे घरात वापरा.

असे छोटे काम मोठे होऊ शकते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. आरंभी त्यांनी स्वस्तात विकण्यासाठी हलका मालही केला होता. पण एकच उत्तम प्रत ठेवा आणि हिशेब चोख ठेवा, असा सल्ला छगनलाल पारेख यांनी दिला. तो त्यांनी पाळला. देणगी घ्यायची नाही, असाही निश्चय केला. तीच लिज्जत पापडची संस्था. आज तिच्यात चाळीस हजारांहून अधिक स्त्रिया काम करतात. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

वाटसरू आपल्यावर विश्वास ठेवून खातो. म्हणून हात साबणाने धुवावेत, पदार्थ झाकून ठेवावेत, पिण्याचे पाणी उकळून गार केलेले असावे. प्लॅस्टिकच्या पेल्यांऐवजी पळसाच्या पानांचे द्रोण वापरावेत. ते रानातूनच मिळतात आणि धबधब्याजवळ कचराही साचत नाही. अन्न सुरक्षेच्या कायद्याप्रमाणे नोंदणी करून घ्यावी. भांडवल कमी पडले तर सावकाराकडे जाण्यापूर्वी गावातील महिला बचत गटात चौकशी करावी. गटातल्या स्त्रिया दरमहा ठरावीक रक्कम जमा करतात आणि त्यातून एकमेकींना कर्ज देतात. अशा गटांना बँकांशी जोडण्याचे काम नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केले.

तुम्ही अजून विद्यार्थी आहात. लाडू वळणे हे आज तुमचे काम नाही, पण वही लिहिणे तुम्हांला जमेल. आईला विचारून घरचा एका आठवड्याचा खर्च लिहून काढा. कोणता खर्च टाळता आला असता, त्यावर खूण करा. माझ्या अम्मीला लिहिता येत नव्हते. ती मूठ मोजायची. तुम्हांला लिहिता येते.