मेक्सिकोचे आखात

उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागात समुद्र जमिनीत खोलवर शिरला आहे. यासच मेक्सिकोचे आखात म्हणतात. (२०२५ साली अमेरिकेच्या सरकारने आपल्या व्यवहारापुरते त्याचे नाव बदलले, येथे जगभर रूढ असलेले जुने नावच योजिले आहे.) त्याच्या उत्तरेस संयुक्त संस्थाने, पश्चिमेस व दक्षिणेस मेक्सिको आणि आग्नेयीस क्यूबा बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे १५.५ लाख चौ. किमी., म्हणजे भारताच्या जवळजवळ निम्मे.

एवढ्या विस्तीर्ण जलाशयास वाटा मात्र दोनच आहेत. कॅरिबियन समुद्राचे उष्ण पाणी युकातान सामुद्रधुनीतून आत येते, आखातात मोठा वळसा घेते आणि फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडून गल्फ स्ट्रीम या प्रसिद्ध प्रवाहास मिळते. याच उष्णतेवर येथील चक्रीवादळे पोसली जातात. १९०० साली अशा एका वादळाने गॅल्व्हस्टन शहरातील निदान सहा हजार माणसांचा बळी घेतला.

आखाताच्या संपत्तीचे मूळ मात्र नद्यांत, विशेषतः मिसिसिपी नदीत, शोधावे लागते. देशाच्या मुख्य भूमीपैकी दोनपंचमांश प्रदेशाचे पाणी ही नदी येथे आणून सोडते. नद्यांचा गाळ लक्षावधी वर्षे तळाशी साचत गेला. त्याखाली प्राचीन मिठाचे जाड थर आहेत. दाबाखाली मीठ मऊ पदार्थासारखे सरकते व घुमटाच्या आकाराने वर चढते. या घुमटांच्या कडांशी खनिज तेल अडकून राहते. टेक्सासमध्ये स्पिंडलटॉप येथे १९०१ साली अशाच एका घुमटातून तेलाचा प्रचंड फवारा उडाला. तो जमिनीवर होता. १९४७ साली लुइझियानाच्या किनाऱ्यापासून सुमारे १७ किमी. अंतरावर, जेथून जमीन दिसत नाही अशा ठिकाणी, तेलविहीर यशस्वी झाली. पाणी तेथे सहा मीटरही खोल नव्हते! आज दोन किलोमीटरांहून खोल पाण्यात विहिरी खोदल्या जातात. मेक्सिकोच्या हद्दीत १९७६ साली सापडलेल्या मोठ्या तेलक्षेत्रास कांतारेल या कोळ्याचे नाव दिले आहे, कारण पाण्यावरील तेलाचा तवंग त्यानेच दाखवून दिला होता. या धंद्यातील धोकाही लहान नाही. एप्रिल २०१० मध्ये ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या खोदयंत्रावर स्फोट होऊन अकरा कामगार मृत्युमुखी पडले आणि तळातील विहीर ८७ दिवस तेल ओकत राहिली.

नदी गाळाबरोबर पोषक द्रव्येही आणते. त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात व त्यांच्या आधारे कोळंबी व मेनहेडन मासे विपुल होतात. लुइझियानाच्या दलदली म्हणजे कोळंबीच्या पिलांचे पाळणाघरच. परंतु पोषणाचाही अतिरेक होतो. आयोवा, इलिनॉय आदी राज्यांतील मक्याच्या शेतांना घातलेल्या खतांतील नत्र व स्फुरद वाहत आखातात येतात. सूक्ष्म वनस्पती बेसुमार माजतात, मरून तळाशी जातात व कुजताना प्राणवायू संपवितात. उन्हाळ्यात नदीचे हलके गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर झाकणासारखे पसरत असल्याने वरचा प्राणवायूही खाली पोहोचत नाही. मासे पळ काढतात. तळाशी खिळलेले जीव गुदमरतात. २०१७ साली हा निष्प्राण पट्टा सुमारे २२,७०० चौ. किमी., म्हणजे गोव्याच्या सहापट भरला. ज्या शेतकऱ्याच्या बांधावरून खत वाहून जाते त्याने बहुधा आखात पाहिलेलेही नसते. जाळे रिकामे येते ते हजार मैलांवरील कोळ्याचे. हा पट्टा पाच हजार चौ. किमी.च्या आत आणण्याचे उद्दिष्ट २००१ साली ठरले. त्यासाठी २०१५ ची मुदत होती; ती पुढे २०३५ पर्यंत वाढविण्यात आली.