दोघांचा डबा

बारावीपर्यंत धुळ्याच्या एकाच शाळेत मी हजेरीला 'हजर' म्हणत आलो होतो. त्यामुळे १९९१ च्या जूनमध्ये जळगावच्या कॉलेजात पहिल्या दिवशी माझा क्रमांक पुकारला गेला, तेव्हा सवयीने तोंडातून तेच निघाले. आधीच्या साऱ्यांनी ऐटीत 'यस सर' म्हटले होते. मागच्या बाकांवर हशा पिकला. आता वाटते, हसण्यासारखे त्यात होते तरी काय? पण अठरा वर्षांच्या पोराला एवढेच पुरते. दुसऱ्या दिवसापासून मी शेवटच्या बाकावर गेलो आणि हजेरीपुरता तोंड उघडू लागलो.

धुळे ते जळगाव अंतर अवघे ९० किलोमीटर. पारोळा, एरंडोल मागे टाकून एस. टी. बांभोरीला गिरणा ओलांडते, की जळगाव आलेच. पण मला ते परमुलूखच वाटे. बी. एस्सी.चे व्याख्यान इंग्रजीतून. धुळ्याला मास्तर इंग्रजी वाक्य वाचून मराठीत फोड करून सांगत. इथे फोड करणारे कोणी नव्हते. प्रयोगशाळेत तर हात असे कापत, की एक ब्यूरेट फोडून मी तिचे पैसे भरले. पण ती धरायची कशी, हे काही विचारले नाही.

विचारायची भीती दुहेरी होती. इंग्रजी येत नव्हते म्हणून एक, आणि मराठी बोललो तर मध्येच अहिराणी डोकावेल म्हणून दुसरी. खोलीतला जोडीदार अमळनेरकडचा. तो पहिल्या बाकावर बसून प्राध्यापकांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवी. त्याच्याशी मी पुस्तकी मराठीत मोजून चार वाक्ये बोले. घरी मात्र पोस्टकार्ड जाई : 'सर्व क्षेम आहे. अभ्यास जोरात चालू आहे. जोडीदार फार चांगला मिळाला आहे. आम्ही बरोबरच अभ्यास करतो.'

सहामाहीत रसायनशास्त्रात ५० पैकी ११ गुण मिळाले. त्या शनिवारी मी ट्रंक भरली. दुसऱ्या दिवशी एस. टी. स्टँडवर गेलो, तो दोन कामांसाठी. दर रविवारी धुळ्याच्या गाडीने माय डबा पाठवी, तो घ्यायचा होता. आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ विचारायची होती. ड्रायव्हरने आसनामागून डबा काढून दिला. तो नेहमीपेक्षा जड लागला. आत धाकट्या भावाच्या अक्षरात चिठ्ठी : 'माय म्हणते, दोघांपुरते आहे. तुझ्या जोडीदाराला दे. उपाशी ठेवू नको त्याला.'

माझेच खोटे माझ्या हातात आले होते! निदान मायचा निरोप तरी पाळावा, मग जावे, असे ठरवून खोलीवर परतलो. कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी समोर ठेवली. दोन घास झाले आणि ठेच्याच्या झणक्यात की काय, मी घरच्याच बोलीत बोलून गेलो, "माले वर्गात काही समजत नही."

त्याचा घास हातातच राहिला. मग तो म्हणाला, "मालेबी नही समजत, भाऊ. मी नुसती मुंडी हालावस."

दोघेही हसलो. ती ट्रंक दिवाळीच्या सुट्टीपर्यंत काही धुळ्याला गेली नाही. आम्ही एक वही केली. न समजलेले त्यात लिहायचे आणि तास संपल्यावर पाळीपाळीने एकेकाने जाऊन एक तरी प्रश्न विचारायचा. पहिल्या दिवशी माझी पाळी होती. मी अडखळत मराठीतच विचारले. प्राध्यापकांनी शांतपणे मराठीतच सांगितले, तेही दोनदा! वार्षिक परीक्षेत मी पास झालो. पहिला वगैरे आलो नाही.

गंमत अशी, की माझ्यासारखेच आमचे विद्यापीठही तेव्हा पहिल्या वर्षात होते. खानदेशात कॉलेजे १९४५ पासून होती; पण पुढे कित्येक वर्षे पदवीचा कागद पुण्याहून यायचा. १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावात स्थापन झाले आणि पदवी घराजवळ आली. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. बहिणाबाई जळगावशेजारच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरच्या बोलीतली त्यांची गाणी दुसऱ्यांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. ज्या बोलीची मला लाज वाटत होती, तिच्या शेजारच्याच बोलीत गाणाऱ्या बाईंचे नाव आज प्रत्येक पदवीपत्रावर आहे. हे मला १९९१ साली कोणी सांगितले असते, तर एखादा महिना तरी वाचला असता!

पालकहो, पहिल्या वर्षाला गेलेले मूल 'सर्व ठीक आहे' म्हणते, तेव्हा लगेच निश्चिंत होऊ नका. माझे पोस्टकार्ड जे लपवी, ते आजचा फोनही लपवतो. गुणांची चौकशी थोडी मागाहून करा. आधी विचारा, "जेवायला बरोबर कोण असते?" त्या उत्तरावरून पुष्कळ कळते. आणि मुलांनो, जो डोलतो आहे त्याला सगळे समजते, अशा भ्रमात राहू नका. एकदा विचारून पाहा.

यंदा माझी मुलगी जळगावला शिकायला गेली. निघताना तिच्या आईने भाकरी बांधल्या. मुलगी म्हणाली, "आई, एवढ्या कशाला? मी एकटीच तर आहे."

मी म्हटले, "म्हणूनच."