दिवाळीची गर्दी आणि बिलावरची एक ओळ

बल्लारपूर : कागद कारखाना व कोळसा खाणींतील कामगारांच्या हाती दिवाळीपूर्वी बोनस पडला की बल्लारपूरच्या बाजारपेठेला भरती येते. एका गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवीत असतानाच चौघांची बिले करावी लागतात. या धांदलीत अनेक दुकानदार बिलावर छापलेल्या एका ओळीचा आधार घेतात : 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

सदोष मालाच्या बाबतीत ही ओळ कायद्यापुढे टिकत नाही. २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार असा माल बिलातील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हेही त्यातच मोडते.

मुलाचा सदरा आखूड झाला किंवा साडीचा रंग घरी नेल्यावर पसंत पडला नाही, तर मात्र तो बदलून देण्याची सक्ती कायदा करीत नाही. दुकानदाराची खरी कसोटी येथेच लागते; कारण नाराज गिऱ्हाइकाला चंद्रपूरची मोठी बाजारपेठ जवळच आहे. ऐन गर्दीत बदली टाळणे एकवेळ समजू शकते. पण 'दिवाळीनंतर या' असे सांगून नंतर ओळखच न दाखविणे समर्थनीय नाही. बदलीची मुदत बिलावर लिहून द्यावी, खरेदीपूर्वीच ती सांगावी आणि भाऊबीजेनंतर बदलीसाठी एक माणूस वेगळा बसवावा, एवढ्याने बरीचशी वादावादी टळते.

तरीही दाद न मिळाल्यास ग्राहकाला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी बिल जपून ठेवणे आवश्यक आहे.