चेंडूवरील ताबा (फुटबॉल)

चेंडूवरील ताबा ही फुटबॉलच्या सामन्यात कोणत्या संघाकडे किती प्रमाणात चेंडू होता हे दर्शवणारी आकडेवारी आहे. ती टक्केवारीत दिली जाते आणि दोन्ही संघांच्या आकड्यांची बेरीज साधारणतः १०० होते. सामन्याचा निकाल मात्र केवळ गोलांवर ठरतो. खेळाच्या नियमांत ताब्याला कोणतेही गुण नाहीत. त्यामुळे बहुतांश वेळ चेंडू स्वतःकडे राखूनही एखादा संघ हरला, की त्याच्या समर्थकांमध्ये एक ठरावीक वाद सुरू होतो. संघ चांगला खेळला पण दैवाने साथ दिली नाही, असे एक बाजू म्हणते. तो ताबा मुळातच निष्फळ होता, असे दुसरी. स्पेनच्या राष्ट्रीय संघाच्या २०१८ आणि २०२२ च्या विश्वचषकांतील पराभवांनंतर हा वाद विशेष गाजला.

मोजमाप

ताबा मोजण्याची एकच सर्वमान्य पद्धत नाही. एका पद्धतीत बुद्धिबळाच्या घड्याळाप्रमाणे प्रत्येक संघाकडे चेंडू असलेला वेळ मोजला जातो. ऑप्टा या आकडेवारी संस्थेने रूढ केलेल्या पद्धतीत सामन्यातील एकूण पासांपैकी प्रत्येक संघाचे पास किती, यावरून टक्केवारी काढली जाते. आखूड आणि जलद पास देणाऱ्या संघाचा आकडा या दुसऱ्या पद्धतीत अधिक येऊ शकतो. २०२२ च्या विश्वचषकात फिफाने तिसरा वर्गही दाखवला: दोन्ही संघांच्या चढाओढीत असलेला, कोणाच्याही निश्चित ताब्यात नसलेला चेंडू. त्यामुळे एकाच सामन्याचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे आढळतात.

कोणत्याही पद्धतीत चेंडू मैदानाच्या कोणत्या भागात होता हे या एका आकड्यातून कळत नाही. स्वतःच्या बचावपटूंनी आपापसांत दिलेले दहा पास आणि प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी क्षेत्राजवळ दिलेले दहा पास यांचे वजन त्यात सारखेच असते.

पार्श्वभूमी

ताब्यावर आधारित आधुनिक शैलीचा उगम सहसा नेदरलँड्समधील आयाक्स या क्लबशी आणि तेथील खेळाडू योहान क्रायफ यांच्याशी जोडला जातो. क्रायफ १९८८ ते १९९६ या काळात बार्सिलोनाचे प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली खेळलेले पेप ग्वार्दिओला २००८ ते २०१२ या काळात त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले. आखूड पासांच्या या खेळाला ‘टिकी-टाका’ हे नाव रूढ झाले. स्पेनने २००८ आणि २०१२ ची युरोपीय अजिंक्यपदे व २०१० चा विश्वचषक याच शैलीने जिंकला.

२०१० च्या विजयात ताब्याचा उपयोग आक्रमणाइतकाच बचावासाठी झाला. सात सामन्यांत स्पेनने केवळ आठ गोल केले. बाद फेरीतील चारही सामने त्यांनी १–० असे जिंकले. त्यांच्यावर मात्र संपूर्ण स्पर्धेत दोनच गोल झाले. प्रतिस्पर्ध्याकडे चेंडूच नसेल तर तो गोल करू शकत नाही, हे तत्त्व त्यामागे होते. त्याच स्पर्धेतील पहिला सामना मात्र स्पेन चेंडूवर वर्चस्व राखूनही स्वित्झर्लंडकडून ०–१ असा हरला होता.

गाजलेले पराभव

७ नोव्हेंबर २०१२ रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिकने बार्सिलोनाला २–१ असे हरवले. त्या सामन्यात सेल्टिकचा ताबा २० टक्क्यांहूनही कमी होता.

१ जुलै २०१८ रोजी मॉस्को येथे विश्वचषकाच्या उपउपांत्यपूर्व फेरीत स्पेनने यजमान रशियाविरुद्ध एक हजाराहून अधिक पास दिले. स्पेनचा एकमेव गोल रशियाच्या सर्गेई इग्नाशेविचच्या स्वयंगोलातून आला, तर अर्त्योम झ्यूबाने पेनल्टीवर बरोबरी साधली. १–१ अशा बरोबरीनंतर रशियाने पेनल्टी शूटआउट ४–३ असे जिंकले.

२०२२ मध्ये कतार येथे १ डिसेंबर रोजी जपानने १८ टक्क्यांहून कमी ताबा असताना स्पेनला २–१ असे नमवले. जपानचे दोन्ही गोल उत्तरार्धाच्या सुरुवातीस काही मिनिटांच्या अंतराने झाले. ६ डिसेंबरला मोरोक्कोविरुद्ध स्पेनने पुन्हा एक हजाराहून अधिक पास दिले, परंतु १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही. शूटआउटमध्ये स्पेनच्या तिन्ही पेनल्टी वाया गेल्या आणि मोरोक्कोने ३–० असा विजय मिळवला. त्यानंतर प्रशिक्षक लुइस एन्रिके यांच्या जागी लुइस दे ला फुएन्ते यांची नियुक्ती झाली.

समर्थकांमधील मतभेद

ताब्याला महत्त्व देणाऱ्यांच्या मते एका सामन्याच्या निकालावरून शैलीचे मूल्यमापन करणे चुकीचे आहे. फुटबॉलमध्ये गोल मोजकेच होतात, म्हणून योगायोगाचा वाटा मोठा असतो. शूटआउटमध्ये तर तो आणखी वाढतो. २०१८ च्या पराभवाबाबत स्पर्धेच्या एक दिवस आधी प्रशिक्षक हुलेन लोपेतेगी यांना पदावरून दूर केल्याकडेही हा गट बोट दाखवतो. दीर्घ हंगामात ताबा राखणारे संघ बहुधा गुणतक्त्यात वर असतात, असाही त्यांचा युक्तिवाद आहे. ग्वार्दिओला यांच्या मँचेस्टर सिटीने २०१७–१८ च्या प्रीमियर लीगमध्ये १०० गुण मिळवले, तेव्हा ताब्यातही तो संघ आघाडीवर होता.

विरोधी मतानुसार ताबा हे साधन आहे, साध्य नव्हे. प्रतिस्पर्धी संघ पेनल्टी क्षेत्राभोवती दाट बचाव उभारून बाजूबाजूने फिरणारा चेंडू मुद्दाम सोडून देतो आणि संधी मिळताच प्रतिहल्ला करतो. अशा वेळी मोठा आकडा वर्चस्वाचा नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याची योजना यशस्वी झाल्याचा पुरावा ठरतो. २०१५–१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकणाऱ्या लेस्टर सिटीचा सरासरी ताबा लीगमधील सर्वांत कमी ताब्यांपैकी एक होता, हे उदाहरण या बाजूने नेहमी दिले जाते.

संख्याशास्त्रीय अभ्यास

ब्रिटिश हवाई दलातील अधिकारी चार्ल्स रीप यांनी १९५० पासून सामन्यांच्या नोंदी ठेवल्या. बर्नार्ड बेंजामिन यांच्यासह १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात असे दाखवले. यावरून लांब पासांच्या थेट खेळाचे समर्थन केले गेले. परंतु फुटबॉलमधील बहुतेक चालीच आखूड असतात. त्यामुळे गोलांची नुसती संख्या मोजणे पुरेसे नाही. माइक ह्यूज आणि इयन फ्रँक्स यांनी २००५ मध्ये चालींच्या संख्येचे प्रमाण लक्षात घेऊन मांडणी केली, तेव्हा यशस्वी संघांसाठी दीर्घ चाली अधिक फलदायी आढळल्या. फटक्याचे गोलात रूपांतर होण्याचे प्रमाण मात्र थेट खेळात अधिक होते. म्हणजेच दोन्ही मतांना अंशतः आधार मिळाला.

कारण आणि परिणाम यांची गल्लत हा आणखी एक प्रश्न आहे. आघाडीवरचा संघ मागे सरून बचाव करतो आणि पिछाडीवरच्या संघाकडे आपोआप चेंडू येतो. २०१४ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ब्राझील जर्मनीकडून १–७ असा हरला, तरी चेंडू किंचित अधिक काळ ब्राझीलकडे होता. जर्मनीने पहिल्या २९ मिनिटांतच पाच गोल केले होते. अशा सामन्यात अधिक ताबा हा पराभवाचा परिणाम असू शकतो. यामुळे विश्लेषक आता ताब्यासोबत पेनल्टी क्षेत्रातील स्पर्श आणि ‘अपेक्षित गोल’, म्हणजे प्रत्येक फटक्यातून गोल होण्याची संभाव्यता, हेही पाहतात.

भारत

बार्सिलोनात काम केलेले प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी २०१७ पासून एफसी गोवा संघात ताब्यावर आधारित खेळ रुजवला. हा संघ २०१८–१९ च्या इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना बेंगळुरू एफसीकडून ०–१ असा हरला. निर्णायक गोल मुंबईच्या राहुल भेकेने अतिरिक्त वेळेत केला. लोबेरा यांच्याच मार्गदर्शनाखाली मुंबई सिटी एफसीने २०२०–२१ मध्ये लीग शील्ड आणि अजिंक्यपद दोन्ही जिंकले.

नंतरचे बदल

१५ जून २०२४ रोजी युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत स्पेनने क्रोएशियाला ३–० असे हरवले, तेव्हा अधिक ताबा क्रोएशियाकडे होता. २००८ च्या युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यानंतर १३६ स्पर्धात्मक सामन्यांत प्रथमच स्पेनचा ताबा प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी राहिला होता. लामिन यमाल आणि निको विल्यम्स या वेगवान बगलेच्या खेळाडूंमुळे संघाला थेट आक्रमणाचाही पर्याय मिळाला. स्पेनने सातही सामने जिंकून अजिंक्यपद पटकावले. इंग्लंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात मात्र चेंडू पुन्हा बहुतांश वेळ स्पेनकडेच होता.