आठशे मीटर आणि रिकामे पोट

गेल्या जून महिन्यात बदनापूरच्या एका वस्तीतल्या विहारात आम्ही मुलींची तपासणी ठेवली होती. उंची, वजन आणि हिमोग्लोबिन, एवढेच. सहावी पास झालेली एक मुलगी आईबरोबर आली. आईच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत धावण्याची तीन प्रमाणपत्रे.

"सिस्टर, हिचा पळण्यात कायम पहिला नंबर. गुरुजी म्हणले, पळणाऱ्या लेकरांला सरकार ठेवून घेतंय, शाळा, राहणं, खाणं सगळं फुकट. म्हणून चाचणीला नेली. तर दुसऱ्या चकरीला खालीच बसली."

सकाळी काय खाल्ले होते, असे विचारले. "काहीच नाही. पळताना उलटी नको म्हणून उपाशीच नेली. चहा दिला व्हता."

तिचे हिमोग्लोबिन निघाले ७.९. तिच्या वयाला ते किमान १२ हवे. एवढ्या रक्तावर ही पोर एक चक्कर पुरी करून आली होती, याचेच आम्हाला नवल वाटले.

खेळावर शाळेत प्रवेश मिळतो, हे आता वस्तीवस्तीत माहीत झाले आहे. पण कुठे मिळतो, कुठे खेळाची अट घालताच येत नाही आणि चाचणीत नेमके काय मोजतात, हे धड कोणी सांगत नाही. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला.

आधी अट कुठे चालत नाही ते पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यातल्या कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना शाळेला मुलाची किंवा पालकांची चाळणी घेता येत नाही. लेखी नाही, तोंडी नाही, पळवून बघणेही नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे, नंतरच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. तरी एका खासगी शाळेने आमच्या ओळखीतल्या एका पहिलीच्या मुलाला 'फिटनेस' बघायला एका पायावर उभे केले आणि मग "जागा भरल्या" असे सांगितले. बाप गवंडीकाम करणारा, तो गपचूप परत आला. त्याच कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळेत सुरुवातीच्या वर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांना आहेत. आपल्या राज्यात अनुसूचित जातीच्या पालकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला लागतो, धावण्याचा वेग लागत नाही.

पण ही सोय आठवीपर्यंतच. नववीला तीच शाळा पूर्ण फी मागते, आणि मग घरात चर्चा सुरू होते, पोरगं खेळात चांगलं आहे, कुठे लागतंय का बघा. काही खासगी संस्था खेळाडूला फी माफ करतात, पण ती त्यांची मर्जी. पुढच्या वर्षी पाय मुरगळला तर माफी राहील का, हे आधी कागदावर लिहून घ्यावे. सैनिकी शाळांत लेखी परीक्षेबरोबर शरीरही तपासतात. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ सालची, तिथे सहावीत आणि नववीत प्रवेश होतो, अनुसूचित जातीला १५ टक्के जागा आहेत, आणि लेखी पास झाले तरी वैद्यकीय तपासणीत बसावे लागते. अकरावीलाही खेळाडूंसाठी जागा राखीव असतात. आणि खेळ बाजूला ठेवून विचार केला, तर सहावी ते दहावीसाठी समाजकल्याण खात्याच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळा आहेतच. आपले लोक त्या विसरतात.

ती मुलगी गेली होती ती क्रीडा प्रबोधिनीची चाचणी. पुण्यात बालेवाडीला आणि राज्यातल्या इतर शहरांत शासनाच्या या निवासी प्रबोधिन्या आहेत. निवड झाली की राहणे, जेवण, शाळा, प्रशिक्षण सरकारकडून. साधारण ८ ते १४ वयाची मुले घेतात. उंची आणि वजन बघतात, ३० मीटर धाव, सहा वेळा दहा मीटरची शटल धाव, मेडिसिन बॉल फेकणे, उभ्याने लांब उडी, उभी उडी, वाकून लवचिकता आणि ८०० मीटर. खेळ आधी यावाच लागतो असे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेला २००९ साली वडिलांनी शासनाच्या अशाच योजनेत घातले, नेमबाजी त्याने तिथे गेल्यावर निवडली, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणले.

आता आमचे म्हणणे. या चाचणीला अंगभूत गुणांची चाचणी म्हणतात. आम्ही नर्सच्या डोळ्यांनी तो तक्ता वाचतो तेव्हा आम्हाला त्यात बाळंतिणीचे ताट दिसते. दहा वर्षांच्या मुलाची उंची बऱ्याच अंशी पोटात असताना आणि पहिल्या दोन वर्षांत ठरते. आई ऊसतोडीला गेली, बाळ फडात पाण्यासारख्या डाळीवर वाढले, तर त्याचे दोन-तीन गुण तिथेच गेले. ८०० मीटरचे गुण रक्तावर ठरतात, कारण स्नायूला प्राणवायू पोचवायचे काम हिमोग्लोबिनचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या निम्म्याहून जास्त मुलींत रक्त कमी निघाले. म्हणजे मैदानावर पोरगी पोरीशी पळत नाही, तिचे रक्त दुसरीच्या रक्ताशी पळते. पळवंकर बाळू मैदानात उतरून चेंडू टाकू शकत होते, पण चहा त्यांना बाहेर वेगळ्या भांड्यात मिळायचा. आज मैदानावर तसा भेद दिसत नाही. तो ताटात उरला आहे, म्हणून मोजपट्टीवाल्याला दिसत नाही.

उंचीचे आता फारसे काही करता येत नाही. रक्ताचे करता येते, तेही तीन-चार महिन्यांत. म्हणून चाचणीची तारीख कळली की आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन करा, मोफत होते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून आहे. एकदा कमी झाले की रोजचा डोस लागतो आणि तो डॉक्टरच ठरवतील. गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरून बंद करू नका. वर्षातून दोनदा जंताची गोळी घ्या. जेवणाला लागून चहा नको, एक तास जाऊ द्या, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळा, जालन्याच्या पोरांना मोसंबीची काय वानवा! भाकरी, मेथी, तुरीचे वरण, अंडे, जमेल तेव्हा कलेजी. गूळ-शेंगदाणे चांगलेच, पण नुसत्या गुळावर आठचे बारा होत नाहीत, हे आम्ही आज्यांना सांगून थकलो.

मुलीला पाळी सुरू झाली असेल आणि फार जात असेल तर तेही सांगा, लाजू नका.

आणखी एक तपासणी, सिकलसेलची. विदर्भात आदिवासींबरोबर आपल्या बौद्ध समाजातही हा आजार पुष्कळ आहे, आणि बदनापुरात विदर्भाकडच्या सोयरिकी कमी नाहीत. नुसता वाहक असलेला मुलगा खेळू शकतो, पण उन्हात पाणी न पिता त्याला जोराने पळवणे धोक्याचे. आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळवूच नका. पळताना छातीत दुखले, चक्कर आली, ओठ निळे पडले तर "दम नाही" म्हणून चिडवू नका. शाळा तपासणीच्या पथकाला दाखवा, हृदयात दोष निघाला तर उपचाराची सोय सरकारी योजनेत आहे.

चाचणीच्या दिवशी दोन तास आधी हलके खायला द्या, अर्धी भाकरी-दूध किंवा केळे. पाणी घोट घोट. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

वयाची मोठी भानगड आहे. आपल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. ग्रामपंचायतीचा किंवा दवाखान्याचा जन्मदाखला आत्ताच काढा. क्रिकेटमध्ये सोळा वर्षांखालील मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचे वय बघतात, तिथे कागद खोटा पडतो आणि पोरगं बदनाम होतं.

पैशाचेही सांगून ठेवतो. एका अकॅडमीवाल्याने आमच्या वस्तीतल्या दोन घरांकडून प्रत्येकी १५ हजार घेतले, "प्रबोधिनीत बसवून देतो" म्हणून. चाचणीला पैसे लागत नाहीत आणि बसवून देणारा कोणी नसतो. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याची प्रकरणे राज्यात उघड झाली आहेत, तेव्हा स्पर्धा मान्यताप्राप्त होती का हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. दहावीला खेळाचे जास्तीत जास्त २५ गुण मिळू शकतात, पण शाळेने प्रस्ताव मुदतीत पाठवला तरच. पिशवीतले प्रमाणपत्र आपोआप बोर्डात जात नाही.

त्या मुलीला आम्ही डॉक्टरांकडे नेले, गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या महिन्यात आईने चारदा विसरल्याचे कबूल केले, मग आशाताईंनी रोज संध्याकाळी घरावरून जायचे ठरवले. दिवाळीनंतर तपासले तेव्हा ११.६ होते. जन्मदाखल्याप्रमाणे ती बारा वर्षांची आहे, म्हणजे चाचणीची संधी अजून संपलेली नाही. सध्या ती पहाटे बापाच्या सायकलीपुढे पळते, आणि पळण्याआधी केळं खाते.